सक्तीची शिपाईगिरी आणि न्यायाचा ताळा

कागलवरून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग दक्षिणेस बेळगावला पोहोचतो, आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. १७६८ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या पलटणीपासून आपली परंपरा सांगणाऱ्या या रेजिमेंटशी कोल्हापूर जिल्ह्याचे नाते जुने आहे. शिरोळ तालुक्यातील टाकळी या गावाच्या नावाला ‘सैनिक’ हा शब्द कायमचा चिकटला, तो उगाच नव्हे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि ‘आपशिंगे मिलिटरी’ हे नाव मिळवले. आजही या पट्ट्यातील कोणत्याही रस्त्यावर पहाटे पाहावे, तर उसाच्या मळ्यांच्या कडेने धावण्याचा सराव करणारी मुले दिसतात. घड्याळाकडे पाहत सोळाशे मीटरचे अंतर कापणाऱ्या या मुलांना कोणी सक्ती केलेली नसते.

अशा मुलखात ‘लष्करी सेवा सक्तीची करावी काय?’ हा प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. जेथे दार ठोठावणाऱ्यांची रांग संपत नाही, तेथे कोणाला दंडाला धरून आत ओढण्याची गरज कोणास भासावी? तथापि हा प्रश्न या देशात वरचेवर डोके वर काढतो. महाविद्यालयांत गोंधळ झाला की ‘यांना दोन वर्षे सैन्यात पाठवा’ असे उद्गार शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतात. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने तर शासनाच्या राजपत्रित पदांवर येऊ इच्छिणाऱ्यांना पाच वर्षांची लष्करी सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. परंतु विचार मेलेला नाही. म्हणूनच त्याची एकदा शांतपणे छाननी होणे अगत्याचे आहे.

जगाचे वारे

जगात हे वारे पुन्हा उलट दिशेने वाहू लागले आहेत. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेतील सक्तीच्या भरतीविरुद्ध असंतोषाचा भडका उडाला आणि १९७३ साली ती बंद झाली. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातील एकामागून एक देशाने तोच मार्ग धरला. स्वीडनने २०१० मध्ये आणि जर्मनीने २०११ मध्ये सक्ती स्थगित केली. परंतु २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला, तेव्हापासून चित्र पालटू लागले. लिथुआनियाने २०१५ मध्ये सक्तीची सेवा पुन्हा सुरू केली, स्वीडनने २०१७ मध्ये तसाच निर्णय घेतला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर लॅटव्हियाही त्याच वाटेने गेला. जर्मनीने मात्र २०२५ च्या अखेरीस मध्यम मार्ग स्वीकारला. तेथील तरुणांना प्रश्नावली भरून देणे बंधनकारक झाले. सेवा ऐच्छिकच राहिली.

या उदाहरणांवरून आपल्याकडे निष्कर्ष काढण्याची घाई काहींना होते. परंतु लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आतबाहेर आहे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या लोकसंख्येहूनही कमी. त्या देशाजवळ माणसे अपुरी आहेत आणि शेजारी बलाढ्य आहे. माणसांची टंचाई हेच सक्तीचे मूळ कारण होय. ज्या देशात माणसांची वानवा नाही, त्या देशाने तेच औषध घेणे म्हणजे शेजाऱ्याला ताप आला म्हणून आपण काढा पिण्यासारखे आहे.

जे कधी नव्हतेच

भारताच्या बाबतीत ‘सक्तीची भरती पुन्हा सुरू करणे’ हा शब्दप्रयोगच मुळात चुकीचा आहे. भारतीयांवर अशी सक्ती कायद्याने कधीच नव्हती. १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने जी सक्ती झाली ती येथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. भारतीयांना त्या दलात स्वेच्छेने येण्याची मुभा होती. १९४० साली पुन्हा तसाच कायदा झाला तोही युरोपीयांपुरताच. ज्यांना मताचा अधिकार नाही त्यांच्यावर बंदुकीची सक्ती करणे किती धोक्याचे आहे, हे साम्राज्याच्या चालकांना पुरते ठाऊक होते. पंजाबात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीअखेरीस भरतीसाठी जी जबरदस्ती झाली, तिची कटू फळे १९१९ च्या असंतोषात त्यांना चाखावी लागलीच.

याच संदर्भात लोकमान्य टिळकांची १९१८ मधील भूमिका स्मरणीय आहे. महात्मा गांधी त्या वर्षी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडत होते. टिळकांनी त्यांच्याकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला. भारतीयांना सैन्यात अधिकारपदे मिळतील असे वचन सरकारकडून मिळाल्यास महाराष्ट्रातून ५,००० माणसे देतो, न दिल्यास ही रक्कम जप्त करावी, असा तो पैजेचा विडा होता. मदत करताना सौदा नको, या भावनेने गांधीजींनी तो धनादेश परत केला. दोघांचा मार्ग वेगळा असला तरी टिळकांनी मांडलेले तत्त्व आजही शिळे झालेले नाही. ज्याच्याकडून कर्तव्य मागायचे, त्याला आधी बरोबरीचा हक्क द्यावा लागतो.

स्वतंत्र भारताच्या घटनेने हे तत्त्व वेगळ्या शब्दांत स्वीकारले. घटनेचा २३ वा अनुच्छेद वेठबिगारीस मज्जाव करतो. पण त्याच अनुच्छेदाचे दुसरे कलम राज्याला सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मोकळीक देते. अट एवढीच की ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेदभाव होता कामा नये. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत, आवाहन होताच देशाचे संरक्षण व राष्ट्रीय सेवा करण्याचे कर्तव्यही घातले. याचा अर्थ स्पष्ट आहे. सक्तीच्या सेवेस घटनेची आडकाठी नाही. प्रश्न आहे तो न्यायाचा आणि हिशेबाचा.

समतेचा युक्तिवाद

सक्तीच्या बाजूने जे युक्तिवाद होतात त्यांतील शिस्तीचा युक्तिवाद सर्वांत दुबळा आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची करण्यात आली. पाचच वर्षांनी, १९६८ मध्ये, ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली. तो काळ विद्यार्थ्यांच्या आंदोलनांच्या दृष्टीने शांततेचा होता असे कोणी म्हणणार नाही. कवायतीने पावले एका तालात पडतात. मने एका तालात येण्यास अन्य काही लागते. शिवाय सैन्य ही सुधारगृहाची शाखा नव्हे. सीमेवर उभ्या असलेल्या पलटणीला घरच्यांना न आवरणारी पोरे सांभाळण्याचे काम देणे हा त्या पलटणीचा अपमान आहे.

समतेचा युक्तिवाद मात्र वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. या देशात सैनिक कोठून येतात? ते कोरडवाहू पट्ट्यांतून, डोंगरकपारींतून, दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यांच्या घरांतून येतात. सीमेवरून पेटी येते ती बहुधा याच घरांत. युद्धाच्या बाजूने मोठ्या आवाजात बोलणाऱ्या घरांतून बहुधा सैन्यात कोणी गेलेले नसते. सक्ती झाली तर डॉक्टरांचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा एका बराकीत झोपतील, एका पंगतीत जेवतील, आणि युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांनाही त्याची झळ घरापर्यंत जाणवेल, असे हा पक्ष सांगतो.

सैन्याचे दार बंद असणे हाही अन्याय असतो, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. डॉ. आंबेडकरांसारख्यांनी सतत पाठपुरावा केल्यानंतर १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावलाच महार रेजिमेंटची स्थापना झाली. ज्या समाजाला सैनिक होण्याचा हक्क मिळवण्यासाठी अर्धशतक झगडावे लागले, त्याला सेवेतील समतेचे मोल शिकवण्याची गरज नाही.

हिशेब काय सांगतो?

परंतु समता आकड्यांच्या कसोटीस उतरावी लागते. भारतात दरवर्षी सुमारे सव्वादोन ते अडीच कोटी मुले-मुली अठराव्या वर्षात पदार्पण करतात. मुलींना वगळून केवळ मुलगेच घेतले तरी ही संख्या एक कोटी वीस लाखांच्या घरात जाते. भारताची तिन्ही सशस्त्र दले मिळून संख्याबळ चौदा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे केवळ एका वर्षाची सक्ती सर्व मुलग्यांवर केली, तर विद्यमान सैन्याच्या आठपटीहून अधिक नवशिके एकाच वेळी छावण्यांत दाखल होतील. त्यांना शिकवायचे कोणी, ठेवायचे कोठे आणि सीमा राखायची कोणी?

दरमहा अवघे दहा हजार रुपये विद्यावेतन धरले, तरी एक कोटी वीस लाख तरुणांवर वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार कोटी रुपये लागतील. अन्न, वस्त्र, निवारा, शस्त्रे, दारूगोळा हा खर्च वेगळा. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणाची एकूण तरतूद ६ लाख ८१ हजार कोटींची होती, आणि तीत निवृत्तिवेतनाचा वाटा सुमारे १ लाख ६१ हजार कोटींचा होता. विद्यावेतनाचा हा एकटा आकडा जवळजवळ निवृत्तिवेतनाच्या बोजाएवढा होतो. विमाने, पाणबुड्या आणि तोफा यांसाठी जो पैसा हवा, तो अर्धवट शिकलेल्या पलटणींच्या पोटापाण्यावर खर्च करणारा देश अधिक सुरक्षित होईल, असे कोणता सेनानी म्हणेल?

अर्थशास्त्र येथे आणखी एक गोष्ट दाखवून देते. सक्तीची सेवा हा एक कर आहे. तो रोख न घेता अंगमेहनतीच्या रूपाने घेतला जातो, इतकेच. कागलच्या औद्योगिक वसाहतीत दरमहा पंधरा हजार मिळवू शकणाऱ्या मुलाला दहा हजारांवर राबवले, तर वर्षाला साठ हजारांचा कर त्याच्याकडून वसूल झाला. हा कर अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही, विधिमंडळात त्यावर चर्चा होत नाही, आणि तो द्यायचा कोणी, तर ज्याच्या नावावर अजून सात-बाराही नाही अशा एकोणीस वर्षांच्या पोराने. अमेरिकेत सक्ती रद्द करण्याची शिफारस करणाऱ्या १९७० च्या आयोगात मिल्टन फ्रीडमन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या विवेचनाचा गाभा हाच होता. सक्तीचे सैन्य स्वस्त नसते. त्याची किंमत फक्त वहीत लिहिलेली नसते.

मग सर्वांना न घेता काहींनाच घ्यावे काय? येथेच समतेचा युक्तिवाद कोसळतो. निवड आली की सवलत येते, आणि सवलत आली की तिचा फायदा कोणाला मिळतो हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत महाविद्यालयात शिकणाऱ्यांना भरतीतून तात्पुरती सूट होती. १९६९ च्या डिसेंबरात सोडत काढण्याची पाळी आली ती या पक्षपाताच्या बोभाट्यामुळेच. इस्रायलमध्ये धर्मपाठशाळांतील विद्यार्थ्यांना दशकानुदशके मिळालेली सूट जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला बेकायदा ठरवावी लागली. आपल्याकडे तर वैद्यकीय प्रमाणपत्र, परदेशातील प्रवेश आणि वरचा फोन या तीन वाटा आधीच रुळलेल्या आहेत. बराकीत अखेर शेतमजुराचाच मुलगा राहील. फरक एवढाच, की आज तो पगारावर जातो, उद्या हुकमावर जाईल.

कागलच्या सुपुत्राची कसोटी

मग सक्ती सदैव वाईटच काय? तसे म्हणता येत नाही, आणि त्याचा दाखला कागलकरांना दूर शोधावा लागत नाही. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याच महाराजांनी त्याच सुमारास महार वतने रद्द केली आणि वेठबिगार बंद करण्याचे हुकूम काढले. एकाच राजाने एक सक्ती आणली आणि दुसरी सक्ती मोडली. यात विसंगती नाही. उलट सक्तीचा न्याय कशात असतो याचा तो वस्तुपाठ आहे.

शाळेची सक्ती ज्याच्यावर होती त्याच्याच हिताची होती. वेठीचा लाभ दुसऱ्याला होता. शाळेची सक्ती सर्व जातींच्या मुलांवर सारखी होती. वेठ ठराविक जातींच्याच कपाळी लिहिलेली होती. शाळेच्या सक्तीबरोबर शाळा काढण्याचा आणि शिक्षण मोफत देण्याचा बोजा राज्याने स्वतःच्या शिरावर घेतला. वेठीत राज्याने घेतले मात्र, दिले काही नाही. सक्ती कोणाच्या हिताची, ती सर्वांवर सारखी आहे काय, आणि सक्ती करणारा आपला वाटा उचलतो काय, हे तीन प्रश्न कोणत्याही सक्तीला विचारता येतात. शांततेच्या काळातील सक्तीची लष्करी सेवा भारतात या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही. देशावर प्राणसंकट कोसळले तर गोष्ट निराळी. तेव्हा हित सर्वांचे असेल, आणि घटनेने ठेवलेले दार उघडण्याचा अधिकार संसदेला आहेच.

सक्तीवाचून सक्ती

परंतु याच तीन प्रश्नांचा झोत आजच्या ऐच्छिक भरतीवर टाकला तर काय दिसते? कायद्याची सक्ती नसली म्हणजे निवड मोकळी असतेच असे नाही. कोरोनाच्या साथीत २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन वर्षांत सैन्यभरती झाली नाही. रोज धावणाऱ्या कित्येक मुलांची वयोमर्यादा धावता धावताच उलटून गेली. १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम नेमणूक, आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतन वा उपदान न देता घरी पाठवणी, असे तिचे स्वरूप ठरले. देशाच्या काही भागांत संतापाचा उद्रेक झाला. तरीही हवाई दलाच्या पहिल्या सुमारे ३,००० जागांसाठी जवळजवळ साडेसात लाख अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे अडीचशे. या गर्दीत देशभक्ती निश्चित आहे. पण तिच्याबरोबर घटत्या जमिनीची आणि न मिळणाऱ्या नोकरीची रेटारेटीही आहे. पोट हेही एक हुकूमनामा काढीत असते, आणि त्यावर राजपत्राचा शिक्का लागत नाही.

चार वर्षांच्या शेवटी मिळणाऱ्या ११ लाख ७१ हजारांच्या ‘सेवानिधी’चा पुष्कळ गाजावाजा होतो. या रकमेची फोड केली, तर सुमारे पाच लाख दोन हजार रुपये जवानाच्या स्वतःच्या वेतनातून दरमहा तीस टक्के कापून जमलेले, तितकेच शासनाचे, आणि बाकी व्याज असे दिसते. म्हणजे अर्धी भेट स्वतःच्याच खिशातली आहे. निवृत्तिवेतनाचा बोजा शासनाला पेलवत नाही ही अडचण खरी. तरुण सैन्य हवे हा लष्करी विचारही खोटा नव्हे. परंतु बचत कोणाच्या आयुष्यातून होते आहे, हे उघड बोलले पाहिजे. ज्या घरांत पूर्वी शिपायाच्या निवृत्तिवेतनावर घर बांधले गेले, बहिणींची लग्ने झाली, धाकट्याचे शिक्षण झाले, त्याच घरांत आता बावीस-पंचविसाव्या वर्षी परतलेला जवान पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार आहे.

पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या आरंभी पुरी होतात. चारांतील तीन जवान गावी परततात तेव्हा त्यांना काय मिळते, यावरून या योजनेचा न्याय ठरेल. निमलष्करी दलांत व अन्यत्र राखीव जागांच्या घोषणा झाल्या आहेत. पण घोषणा आणि हक्क यांत अंतर असते. ते अंतर कायद्यानेच मिटते. परतणाऱ्यास पोलीस, वनखाते, अग्निशमन अशा सेवांत प्राधान्य मिळण्याची हमी लेखी असावी. चार वर्षांची सेवा पुढील शासकीय सेवेत निवृत्तिवेतनासाठी धरली जावी. सेवेत असतानाच पदवी वा तांत्रिक शिक्षण पुरे करण्याची सोय कागदावर न राहता प्रत्यक्षात यावी, आणि तीत आमच्या महाविद्यालयांनीही हात आखडता घेऊ नये. कायम होणाऱ्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवरून वाढवण्याचा विचार अनुभवाच्या प्रकाशात व्हावा. देशसेवेचे ओझे समान वाटायचे असेल, तर तरुणांना दंडाला धरून बराकीत नेण्यापेक्षा, जे स्वेच्छेने गेले त्यांच्या सेवेची पुरती किंमत सर्वांनी करांच्या रूपाने देणे हाच अधिक सरळ मार्ग आहे. जो जात नाही त्याने निदान पैसे तरी द्यावेत.

भारतात सक्तीची लष्करी सेवा येण्याचा संभव नजीकच्या काळात दिसत नाही, आणि ती येऊ नये हेच इष्ट. परंतु एवढ्यावर समाधान मानून बसणाऱ्यांनी पहाटेच्या त्या रस्त्याकडे एकदा पाहावे. धावणारा मुलगा आपल्या इच्छेने धावतो आहे. ती इच्छा त्याची स्वतःची राहावी, तिच्यावर गरिबीने अंगठा उमटवलेला नसावा, आणि चार वर्षांनी तोच मुलगा त्याच रस्त्याने परत येईल तेव्हा गावाने त्याचे हार घालून स्वागत केल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हाताला कामही असावे.